रामशास्त्र्यांनीं सांगितला तो दंड कीं प्रायश्चित्त ?

देहान्त शिक्षेच्या वादांत रामशास्त्री प्रभुण्यांस साक्षीस ओढण्याची चाल पडून गेली आहे. शिक्षा कायम ठेवावी म्हणणारे सांगतात कीं, राज्याच्या धन्यासहि मृत्युदंड फर्माविण्यास शास्त्रीबोवा कचरले नाहींत. ती उठवावी म्हणणारे उलट दाखवितात कीं, निर्णय झाला तरी तो अंमलांत आला नाहीं, आणि म्हणून राज्य कांहीं बुडालें नाहीं. दोन्ही पक्षांचें गृहीत एकच आहे, व आमच्या मतें तेंच टिकत नाहीं.

नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत झाला. त्यानंतरचा प्रसंग ग्रँट डफनें १८२६ सालच्या आपल्या इतिहासांत दिला आहे. त्यांत रघुनाथराव विचारतात तें प्रायश्चित्त, आणि शास्त्री सांगतात तेंहि प्रायश्चित्तच. ' शिक्षा ' हा शब्द मागाहून शिरला. भेद केवळ शब्दाचा नव्हे. याज्ञवल्क्यस्मृतींत व्यवहार व प्रायश्चित्त हे दोन स्वतंत्र अध्याय आहेत. दंड राजा करतो, व दोषी नाहीं म्हणाला तरी तो चुकत नाहीं. प्रायश्चित्त पापी स्वतः मागतो व स्वतः आचरतो; शास्त्र्यानें तें सांगावयाचें, करवावयाचें नव्हे. मनु आठव्या अध्यायांत ब्राह्मणास वधदंड नको म्हणतो, आणि अकराव्यांत जाणूनबुजून केलेल्या ब्रह्महत्येस निष्कृति नाहीं असेंहि म्हणतो. हीं दोन वचनें परस्परांस बाधत नाहींत, कारण तीं दोन निराळ्या प्रश्नांचीं उत्तरें आहेत. रामशास्त्र्यांचें धैर्य यानें उणें होत नाहीं; मात्र त्यांच्या उत्तरास फांसाच्या बाजूचा अथवा विरुद्धचा निवाडा म्हणतां येत नाहीं.

मग पेशवाईचा खरा पुरावा कोठें पहावा ? दंडाच्या कागदांत. तेथें डोकें मारणें, हत्तीच्या पायीं देणें, कडेलोट असे रोखठोक शब्द येतात. ब्राह्मणास वध नाहीं हें वचन तरी कितपत पाळलें गेलें ? भाऊसाहेबांचा तोतया सुखनिधान हा कनोजा ब्राह्मण. त्यास १७७६ सालीं पुण्यांत ठार केलें. घाशीराम कोतवालहि ब्राह्मण. १७९१ सालीं त्यास चिडलेल्या ब्राह्मणांच्याच हवालीं करण्यांत आलें व त्यांनीं त्याला दगडांनीं ठेंचलें. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालांत तर याहून काळें चित्र आहे : ब्राह्मण कैद्यास उघड मारतां येत नसे, म्हणून विषानें अथवा अपायकारक अन्नानें त्याचा निकाल लावीत, आणि पीठ व मीठ समभाग घेऊन केलेली भाकर हें त्यांतलें एक साधन होतें असें म्हणत. भाकरीची गोष्ट त्यानें ऐकीव म्हणूनच नोंदविली आहे, आणि तिला त्याहून अधिक वजन देऊं नये. परंतु उघड वध निषिद्ध, म्हणून प्राण वांचला, असें अनुमान या काळावरून काढणारांनीं हें पान वाचल्याविना पुढें जाऊं नये. तसेंच, शास्त्राधारें मृत्युदंडाचें मंडन करणारांनीं तें शास्त्र जन्म पाहून सूट देत होतें हें झांकून ठेवूं नये.

संग्राहकांस एक विनंति आहे. नारायणरावांच्या वधासंबंधीं कागद हातीं येतो तेव्हां बहुतेकांची दृष्टि ' ध ' कीं ' मा ' येथेंच खिळते. त्याच रुमालांत ' प्रायश्चित्त ', ' शासन ', ' पारिपत्य ' यांपैकीं कोणता शब्द कोणासंबंधीं योजिला आहे, हेंहि मोडी मजकुरावरून जसेंच्या तसें उतरून, कागदाच्या तारखेसह प्रसिद्ध करावें.