मित्र गेला, खातं राहिलं

(टाकवे बुद्रुक येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

  

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. आम्ही एका मित्राचे चार मित्र. तो इथलाच, टाकव्यातल्या एका कारखान्यात कामाला होता. तीन वर्षांपूर्वी गेला. त्याचं नाव आज घेणार नाही. का घेणार नाही, ते बोलता बोलता कळेल.

तो गेल्यावर त्याचा फोन आमच्यापैकी एकाकडे राहिला. पासवर्ड आम्हाला ठाऊक होता. वर्षश्राद्धाची पत्रिका सगळ्यांना पोचावी म्हणून आम्ही ती त्याच्याच खात्यावरून टाकली. सोय म्हणून, दुसरं काही मनात नव्हतं. रात्री साडेदहाला त्याच्या आईचा फोन आला. काकू रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "आरं, त्याच्या नावापाशी हिरवा ठिपका दिसतोय. कोण हाय तिथं?"

आम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून आज जी टीका करणार आहोत, ती आधी आमच्यावर आहे.

पहिला मुद्दा. गेलेल्या माणसाच्या खात्यावर आपण जे करतो, ते कुणासाठी करतो? खातं तसंच चालू राहिलं तर दर वर्षी वाढदिवसाची आठवण येते. ज्यांना तो गेल्याचं माहीत नाही, ते "हॅपी बर्थडे भावा, पार्टी कधी?" असं लिहितात. ज्यांना माहीत आहे, ते "मिस यू" लिहून सोबत स्वतःचा फोटो टाकतात. आमच्या मावळात फ्लेक्सची जी रीत आहे, तीच इथं आली. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गेलेल्याचा फोटो मधे आणि खाली शोकाकुल म्हणून पंचवीस चेहरे. फ्लेक्स निदान पंधरा दिवसांत उतरतो. खात्यावरचा उतरत नाही.

दुसरा मुद्दा, इच्छेचा. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवल्यावर कावळा शिवला नाही तर आपण काय करतो? "पोरीचं लग्न आम्ही करू, आईला अंतर देणार नाही" असं एकेक जण पुढं येऊन बोलतो. त्या रिवाजावर तुमचा विश्वास असो वा नसो, त्यात एक गोष्ट चांगली आहे. गेलेल्याच्या मनात काय राहिलं असेल, हा प्रश्न चारचौघांत विचारला जातो. खात्याच्या बाबतीत हा प्रश्न आम्ही विचारलाच नाही. आमच्या मित्राने बायकोपासून लपवलेलं कर्ज त्या मेसेजांत असेल, एखादं भांडण असेल, किंवा काहीच नसेल. आम्ही उघडून बसलो होतो.

आता कुणी म्हणेल, मित्राचे शब्द मित्राने राखायचे नाहीत तर कुणी? बरोबर आहे. याच इंद्रायणीच्या काठी खाली देहू आहे. तुकोबांची गाथा याच पाण्यात बुडवली आणि ती तरली, अशी परंपरा सांगते. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत संताजी जगनाड्यांचं नाव घेतात, त्यांची समाधी आपल्याच तालुक्यात, सुदुंबऱ्याला आहे. पण फरक बघा. अभंग लोकांसमोर म्हटलेले होते, कीर्तनात गायलेले होते. संताजींनी राखलं ते सगळ्यांसाठी असलेलं. रात्री दोन वाजता एकाच माणसाला लिहिलेलं त्यांनी चव्हाट्यावर आणलं, असं कुणी सांगत नाही.

खासगी लिहिलेल्याचं काय करावं, त्यासाठी दुसरं उदाहरण घेऊ. जी. ए. कुलकर्णी ११ डिसेंबर १९८७ला पुण्यात गेले. माणसांपासून लांब राहणारा हा लेखक, पण पत्रं भरभरून लिहायचा. त्यांची पत्रं पुढं पुस्तकरूपाने आली. पहिल्या खंडात सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रं आहेत, आणि पुस्तकाच्या नावातच "निवडक" हा शब्द आहे. छापावं की नाही यावर आजही मतभेद होऊ शकतात. पण कुणीतरी बसून, वाचून, हे ठेवू, हे वगळू, असं ठरवलं, आणि त्या निवडीची जबाबदारी आपल्या नावानिशी घेतली. पत्र ज्याला लिहिलं त्याच्या कपाटात होतं. खात्याचं तसं नाही. पासवर्ड हातात आला की पन्नास माणसांची पत्रं एकदम हातात येतात, आणि त्यातली निम्मी त्या जिवंत माणसांची असतात. त्यांना आपण विचारलेलं नसतं.

तिसरा मुद्दा, व्यवस्थेचा. फेसबुकवर खातं "स्मरणार्थ" करता येतं. मग त्यात कुणालाही लॉगिन करता येत नाही आणि वाढदिवसाच्या आठवणी थांबतात. माणसाने जिवंतपणी वारसदार नेमला असेल, तर तो फोटो बदलू शकतो, वर एक मजकूर लावू शकतो, मेसेज मात्र वाचू शकत नाही. ही रचना वाईट नाही. पण इथंही घाई महागात पडते. बर्लिनमध्ये २०१२ साली पंधरा वर्षांची मुलगी मेट्रोखाली गेली. आईकडे पासवर्ड होता, पण दुसऱ्याच कुणीतरी कंपनीला कळवून खातं स्मरणार्थ करून टाकलं. आईवडिलांना दार बंद. मुलगी कशी गेली हे समजून घेण्यासाठी त्यांना कोर्टात जावं लागलं. १२ जुलै २०१८ला जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की पत्रं आणि डायऱ्या जशा वारसांकडे जातात तसं खातंही जातं. सहा वर्षं गेली. मित्रांनी यातून शिकायचं ते हे, की फॉर्म भरण्याआधी घरच्यांना विचारा.

आपल्याकडे काय? दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा आयटी कायद्याच्या ६६-सी कलमाखाली गुन्हा आहे. मृत्युपत्र कागदावरच लागतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी. फोनमधली नोंद मृत्युपत्र होत नाही. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात कलम १४ नॉमिनीचा हक्क देतं, पण नॉमिनी नेमायचा तो माणसाने स्वतः, जिवंत असताना. गूगलमध्येही आधीच ठरवून ठेवता येतं की इतके महिने खातं वापरलं नाही तर कुणाला कळवायचं, काय द्यायचं, की सगळं पुसायचं. बँकेत आपण नॉमिनी लावतो, सोसायटीत लावतो. इथं मात्र "बघू नंतर".

आणि एक साधी व्यवहाराची गोष्ट. सिम बंद झालं की तो नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत. त्यानंतर देऊ शकतात. मग ओटीपी कुणाकडे जाणार? त्या अनोळखी माणसाकडे. तेव्हा "काहीच करायचं नाही" हाही मार्ग सुरक्षित नाही. आम्ही भावनेपोटी कानाडोळा करत होतो, तो त्याच्या घरच्यांना धोक्यात घालत होतो.

मग आम्ही काय केलं? त्या फोननंतर आठवड्याने चौघे काकूंकडे गेलो. वहिनी होत्या. झालेलं सांगितलं, माफी मागितली. काकूंना खातं राहायला हवं होतं, कारण त्यात त्याचा आवाज आहे, आंद्रा धरणावर काढलेला एक व्हिडिओ आहे. वहिनींना ते बंद हवं होतं. दर वाढदिवसाला लोकांना उत्तरं देऊन त्या थकल्या होत्या. दोघींचंही खरं होतं. आमचं मत कुणी विचारलं नाही, आणि तेच योग्य होतं.

शेवटी ठरलं ते असं. उघड टाकलेले फोटो आणि व्हिडिओ वहिनींनी स्वतः एका पेनड्राइव्हवर उतरवून काकूंना दिले. मेसेज कुणी उघडले नाहीत. त्याचं सिम वहिनींनी आपल्या नावावर करून घेतलं. खातं स्मरणार्थ करण्याचा अर्ज वहिनींनी केला. फोन आम्ही परत दिला.

आम्हाला यातून तीन गोष्टी पटल्या. गेलेल्याच्या नावाने एक अक्षरही लिहायचं नाही, पत्रिकासुद्धा नाही. लिहायचं तर आपल्या नावाने लिहायचं. जे त्याने सगळ्यांसाठी ठेवलं ते जपायचं, जे एकासाठी लिहिलं ते त्या एकाचं. आणि निर्णय घरच्यांचा, मित्रांनी ओझं उचलायचं, मालकी नाही. नाव घेतलं नाही ते याचसाठी. ही परवानगी वहिनींनी आम्हाला दिलेली नाही, आम्ही मागितलीही नाही.

यावर मतभेद असतील. एक श्रोते आत्ताच म्हणाले की सगळं पुसणं हाच खरा सन्मान. असेलही. पण ते ज्याचं त्याने आधी सांगून ठेवावं. आज घरी गेल्यावर, जेवण झालं की, फोन हातात घ्या आणि घरातल्या एका माणसाला सांगा, माझं काय करायचं ते. विषय निघाला की "असं अभद्र बोलू नको" म्हणतील. तरी सांगा.