मराठी रंगभूमीवरील वृद्ध आणि त्याचे हरवलेले सवंगडी

वार्धक्य हा मराठी रंगभूमीचा आवडता विषय आहे. गेल्या अर्ध्या शतकात ज्या नाटकांनी प्रेक्षकांचे डोळे ओले केले, त्यांत म्हाताऱ्या आईबापांच्या नाटकांना मानाचे स्थान आहे. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात आमच्याकडील हौशी मंडळी जी नाटके उभी करतात, त्यांतही ही नाटके आवडीने निवडली जातात आणि भगिनीवर्ग पदर डोळ्यांना लावूनच घरी परततो. या नाटकांचे मोठेपण आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांच्याविषयी एक तक्रार आमच्या मनात दीर्घकाळ घर करून आहे आणि ती आज वाचकांपुढे मांडावीशी वाटते. या नाटकांतील वृद्धाला मुले आहेत, सुना आहेत, जावई आहेत, नोकर आहेत. त्याला मित्र मात्र नाहीत.

दिवाणी न्यायालयात दावा चालविताना एक नियम पाळावा लागतो. ज्याच्यावाचून वादाचा खरा निर्णय होऊच शकत नाही, अशा व्यक्तीला दाव्यात सामील करून घ्यावे लागते. तिला आवश्यक पक्षकार म्हणतात. एखादा किरकोळ पक्षकार गळला तर दावा बुडत नाही. आवश्यक पक्षकार गळला तर मात्र तो टिकत नाही. आमच्या रंगभूमीने वार्धक्याचा दावा आईबाप विरुद्ध मुले असा लावला आणि पिढ्यान्‌पिढ्या तसाच चालविला. वादी रडतो, प्रतिवादी खाली मान घालतो, प्रेक्षक निकाल देऊन मोकळे होतात. पण आयुष्याची साठ वर्षे ज्यांनी वादीबरोबर काढली ते सवंगडी या दाव्यात कोठेच नाहीत.

प्रथम 'नटसम्राट' घेऊ. वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आणले ते धी गोवा हिंदु असोसिएशनने. मुंबईतील गोमंतकीयांनी १९१९ साली स्थापन केलेली ही संस्था, म्हणून या नाटकाविषयी आम्हां गोमंतकीयांना घरच्यासारखा अभिमान आहे. दिग्दर्शन पुरुषोत्तम दारव्हेकरांचे आणि गणपतराव बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागू यांची. निवृत्त झालेला थोर नट आपली सारी मिळकत मुलामुलीला वाटून टाकतो, दोन्ही घरांत अपमान सोसतो, पत्नीला गमावतो आणि अखेर बूटपॉलिश करणाऱ्या पोराच्या आश्रयाला जातो. भाषेचे वैभव असे की प्रत्येक नटाला ती भूमिका खुणावीत राहते.

परंतु एक साधा प्रश्न विचारून पाहावा. ज्या माणसाने आयुष्यभर कंपनीबरोबर गावोगाव मुक्काम केले, त्याचे सहनट कोठे आहेत? पेटीवाला कोठे आहे? रंगभूषाकार, पडदे ओढणारा, आयत्या वेळी शब्द सुचविणारा, हे सारे कोठे गेले? नाटकधंद्याइतका माणसांच्या गराड्यात चालणारा धंदा दुसरा नाही. तरी बेलवलकरांच्या घराची पायरी त्यांच्यापैकी कोणी चढल्याचे आपणांस दिसत नाही. नोकराची निष्ठा आहे, नातीची माया आहे, राजाचे औदार्य आहे. बरोबरीच्या नात्याने 'अरे गणप्या' म्हणणारा मात्र कोणी नाही.

यावर कोणी म्हणेल की शोकांतिकेला एकाकीपण हवेच. हा आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचे उत्तर वरच्या न्यायालयातूनच आणले पाहिजे. 'नटसम्राट'च्या पाठीशी शेक्सपिअरचा लिअर राजा उभा आहे, हे सर्वश्रुत आहे. त्या लिअरला शेक्सपिअरने एकटे सोडलेले नाही. वेषांतर करून त्याच्या मागे फिरणारा केंट आहे, राजाच्या मूर्खपणावर तोंडावर बोट ठेवणारा विदूषक आहे, आणि मुलांच्या बाबतीत तशीच ठेच खाल्लेला समवयस्क ग्लॉस्टर आहे. डोळे गेलेला ग्लॉस्टर आणि बुद्धी ढळलेला लिअर हे दोन म्हातारे एकमेकांना भेटतात, तो प्रवेश त्या नाटकाचा कळस मानला जातो. तेव्हा सवंगड्यांच्या उपस्थितीने शोक पातळ होतो, हे म्हणणे टिकत नाही. उलट तो अधिक खोल जातो.

याची दुसरी साक्ष आपल्याच घरातली आहे. १ जानेवारी २०१६ रोजी महेश मांजरेकरांनी दिग्दर्शित केलेला 'नटसम्राट' चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात नाना पाटेकरांच्या गणपतरावांना एक जुना नटमित्र दिलेला आहे. मूळ नाटकात नसलेली ही रामभाऊंची भूमिका विक्रम गोखले यांनी केली. दोन म्हातारे नट एकमेकांची थट्टा करतात, जुना मत्सर उकरून काढतात, एकमेकांच्या अभिनयातील दोष दाखवितात. आणि रुग्णालयातील त्यांचा प्रवेश पाहताना जो हुंदका येतो त्यात मुलांच्या कृतघ्नतेचा काडीइतकाही संबंध नसतो. पंचेचाळीस वर्षांनंतर चित्रपटकर्त्यांना गळलेला पक्षकार सामील करून घ्यावासा वाटला, यातच आमच्या तक्रारीचे समर्थन आहे.

जयवंत दळवींचे 'संध्याछाया' हेही गोवा हिंदु असोसिएशनने विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणलेले नाटक. नाना आणि नानी यांचा एक मुलगा अमेरिकेत, दुसरा युद्धात मृत्युमुखी पडलेला. एकटेपणा इतका की चुकून लागलेल्या दूरध्वनीवरील परक्या माणसाशीही बोलत राहावेसे वाटते. दळवींची निरीक्षणशक्ती सूक्ष्म आहे आणि त्या दोघांचा शेवट पाहून प्रेक्षक सुन्न होतो. तथापि नानांची कचेरीतील माणसे कोठे आहेत, नानींच्या हळदीकुंकवाच्या मैत्रिणी कोठे आहेत, हा प्रश्न उरतोच. शहरातील सदनिकेने त्यांना तोडले असे उत्तर असेल, तर ते तुटणे हीच खरी कथा होय आणि ती रंगमंचावर घडताना दिसावयास हवी होती. नाटकात ती पडदा वर जाण्यापूर्वीच आटोपलेली असते.

पु. ल. देशपांडे यांना हे मर्म उमगले होते. १९५७ सालच्या 'तुझे आहे तुजपाशी' या नाटकातील इंदूरचे काकाजी देवासकर हे म्हातारपणाचे ओझे डोक्यावर न घेता वावरतात. शिकारीच्या गोष्टी, गाणे, पान आणि माणसे हे त्यांचे शौक. पण त्यांच्या समोर पु. लं.नी आचार्यांना बसविले, हे विशेष. दोघेही उतारवयातले, एक भोगी, एक विरक्त. त्यांच्या जुगलबंदीमुळेच दोघांचेही आयुष्य आपल्याला उघडे होऊन दिसते. काकाजी एकटे असते तर नुसते गमतीदार वाटले असते आणि आचार्य एकटे असते तर नुसते कंटाळवाणे. इंदूरच्या मराठी वाचकांस काकाजी आपल्या गल्लीतले वाटतात, याचे कारण त्यांचा हिंदी वळणाचा बोल एवढेच नव्हे. त्यांची बैठकही ओळखीची आहे.

तेच १९६२ सालच्या 'व्यक्ती आणि वल्ली'तील अंतू बर्व्याचे. रत्नागिरीच्या आळीतील म्हाताऱ्यांचा तो कंपू सुतळीच्या गाठीप्रमाणे घट्ट आणि खरखरीत आहे. तेथे कोणाची स्तुती नाही, सांत्वन तर नाहीच. पण अंतूच्या तिरकस बोलण्यामागे पत्नीवियोगाचे जे दुःख दडलेले आहे, ते कळण्यासाठी आधी तो दुकानाच्या पायरीवर चारचौघांत बोलताना ऐकावा लागतो. गद्यलेखकाला जे साधले ते नाटककाराला का साधू नये?

मित्रांचा हा आग्रह आम्ही का धरतो, ते आता सांगितले पाहिजे. वृद्धाच्या नाटकाचे खरे भांडवल म्हणजे त्याची स्मृती. एकट्याची आठवण ही उलटतपासणी न झालेली साक्ष असते; ती ऐकायला गोड लागते, पण तिच्यावर किती विसंबावे हे ठरविता येत नाही. मुलांना आणि नातवंडांना ती उलटतपासणी घेता येत नाही, कारण ती त्या काळी तेथे नव्हती. ते काम फक्त सवंगडी करू शकतो. 'तू तेव्हा धावून गेला नव्हतास, पडवीत लपून बसला होतास,' असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच आहे. बेलवलकर आपल्या जुन्या भूमिका आठवतात, तेव्हा समोर उभा राहून ज्याने दुसरी भूमिका केली तो तेथे नसतो. म्हणून त्यांचे बोलणे स्वगत होते, संवाद होत नाही.

आमच्या देवस्थानांच्या आवारात हा संवाद आजही संध्याकाळी ऐकू येतो. आरतीपूर्वी दीपस्तंभाच्या ओट्यावर चारपाच पिकलेली डोकी जमतात. कोणी निवृत्त शिक्षक, कोणी पोस्टातला, कोणी शिंपी. एकाने पोर्तुगीज अमदानीतील तांगे आणि इश्कुद यांची नाणी डबीत जपलेली असतात; दुसऱ्याला अबोलीच्या रोपांचा नाद; तिसऱ्याजवळ मंगेशीच्या मास्टर दीनानाथांच्या ध्वनिमुद्रिका, आणि त्यातील एका तानेवरून वर्षानुवर्षे चाललेला वाद. १९६१चा डिसेंबर कोणी कोणत्या झाडाखालून पाहिला, याचा पाठ रोज थोडा बदलतो आणि रोज दुरुस्त होतो. १९६७च्या जनमत कौलात ज्याने फुलाला मत दिले तो आणि ज्याने दोन पानांना मत दिले तो, असे ऐंशी ओलांडलेले दोघे एकाच ओट्यावर बसून एकाच चंचीतील सुपारी खातात. या नियतकालिकाच्या मराठी आणि कोंकणी पानांनी त्या दोघांकडून शिकण्यासारखे आहे. बायकांची बैठकही अशीच असते, भजनाच्या निमित्ताने. तिच्यातील स्मृती तर अधिक नेमकी, कारण तेथे कोणाच्या बारशाला कोण आले नव्हते याची नोंद तोंडपाठ असते.

या बैठकी गोड गोड असतात असे मात्र आम्ही म्हणत नाही. त्यांत कुचाळकी आहे, जुनी वैरे आहेत, जातीची आणि पैशाची उतरंडही आहे. नाटककाराला हवा तो सारा कच्चा माल तेथे आहे. आणि शोकांतिकाही आहे. ओट्यावरील एक जागा रिकामी होते, मग दुसरी. शेवटी एक जण उरतो आणि त्याची आठवण खोडून काढणारा कोणीच राहत नाही. तो आता काहीही सांगू शकतो, म्हणूनच तो बोलेनासा होतो. मुलगा चांगला, सून प्रेमळ, औषधपाणी वेळेवर. तरी हा मनुष्य एकाकी आहे. या एकाकीपणात कोणी प्रतिवादी नाही, म्हणून त्यावर कोणी नाटक लिहीत नाही.

कायद्याची मर्यादाही येथे लक्षात घ्यावी. २००७ साली मातापित्यांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा केंद्रीय कायदा झाला. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवून घेण्याची सोय त्याच्या तेविसाव्या कलमात आहे. बेलवलकर आज न्यायाधिकरणाकडे गेले असते आणि अट सिद्ध झाली असती, तर त्यांचे घर त्यांना परत मिळू शकले असते. पण त्या घराच्या ओसरीवर येऊन बसणारा कोणी असावा, असा हुकूम कोणत्याही न्यायाधिकरणाला काढता येत नाही. जेथे कायद्याचा हात पोहोचत नाही तेथे साहित्याचे काम सुरू होते, असे आम्ही मानतो.

यातला खरा विपर्यास मंडपातच दिसतो. जत्रेच्या रात्री 'नटसम्राट' होते, तेव्हा रंगमंचावर मित्रहीन म्हातारा विलाप करीत असतो. आणि पडद्याच्या आड कोण असतात? चाळीस वर्षे एकत्र नाटके करून पिकलेली तीच मंडळी. एक जण चष्मा सावरीत संहितेतून शब्द सुचवितो, दुसरा पेटीवर बसतो, तिसरा रंगाची पेटी उघडून धाकट्या नटाच्या भुवया पांढऱ्या करतो. तालमीला कोण येईनासा झाला, पूर्वी ही भूमिका कोण करीत असे, याच्या गोष्टी तेथे हलक्या आवाजात चाललेल्या असतात. आमच्या नव्या नाटककारांनी पुढच्या जत्रेस प्रेक्षकांत न बसता थोडा वेळ त्या पडद्यामागे उभे राहावे. त्यांना हवे असलेले नाटक तेथे केव्हाचे सुरू झालेले आहे.