‘प्रसिद्ध करा’च्या अलीकडचे काम

मराठीत ब्लॉग सुरू करायला आज पाच मिनिटे पुरतात. एक ईमेल खाते, एक नाव, फुकट मिळणारा एखादा साचा, की लेख जगापुढे ठेवायची सोय झाली. लिहायला शिकणे मात्र पूर्वीइतकेच सावकाशीचे राहिले आहे, आणि ते शिकवणारी माणसे नि ठिकाणे पूर्वीपेक्षा कमी झाली आहेत. मराठी ब्लॉगलेखन आता वीस वर्षांचे होऊन गेले. नवलाई ओसरली. म्हणून त्याच्याकडे गद्यलेखनाचा एक प्रकार म्हणून पाहावे, कथेला किंवा निबंधाला लावतो तीच मापे त्यालाही लावावीत, असे मला वाटते. ती लावली की एक गोष्ट ठळकपणे दिसते. आपल्याकडे प्रकाशनाची अडचण संपली, पण दुसरा खर्डा लिहिण्याची सवय तिच्याबरोबरच गेली.

तरुणांनी स्वतःच्या बळावर लिहून प्रसिद्ध करणे मराठीला नवे नाही. १८४८ मध्ये गोपाळ हरी देशमुख ‘लोकहितवादी’ या नावाने भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात पत्रे लिहू लागले, तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ काढली तेव्हा त्यांना चोविसावे वर्षही पुरे झालेले नव्हते. मासिक त्यांचेच, आणि त्यातला बहुतेक मजकूरही त्यांचाच. चौऱ्याऐंशी अंक त्यांनी असे काढले. आजच्या नवोदिताने लोकहितवादींची ती पत्रे, म्हणजे ‘शतपत्रे’, जरूर वाचावीत, विचारांसाठी तर वाचावीतच, पण बांधणीसाठीही वाचावीत. एका पत्राला सहसा एक विषय, पहिल्या दोन-चार वाक्यांतच मुद्द्याला हात, आणि वाचक समोर बसला आहे असे धरून केलेले बोलणे. ब्लॉगच्या लेखाला याहून वेगळे काय लागते?

पुढच्या शतकात हे शिक्षण संपादकांकडे गेले. ‘सत्यकथा’ मासिकात राम पटवर्धन नव्या लेखकाचे हस्तलिखित प्रश्न विचारून परत पाठवत आणि पुन्हा लिहायला लावत, हे त्या काळच्या अनेक लेखकांनी सांगितले आहे. त्या दारातून सगळ्यांना आत घेतले गेले नाही, हेही तितकेच खरे. १९६९ मध्ये तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, ती याच रागातून. त्याआधी दोन वर्षे औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांचे ‘अस्मितादर्श’ सुरू झाले होते आणि ज्यांना मध्यवर्ती नियतकालिकांत जागा नव्हती त्यांना तिथे ती मिळाली. म्हणून संपादकांच्या जुन्या काळाबद्दल हळहळताना मी जपून बोलतो. आज अहिराणीत, मालवणीत, वऱ्हाडीत लिहिणारी माणसे कुणाला न विचारता लिहितात, ही निखळ कमाई आहे. पण ‘अस्मितादर्श’लाही संपादक होताच. लेखकाच्या बाजूने उभा राहून त्याला पुन्हा लिहायला लावणारा तो वाचक होता.

तंत्राने या प्रकाराला कसा आकार दिला, तेही पाहायला हवे. या शतकाच्या सुरुवातीला संगणकावर मराठी लिहिणे म्हणजे अमुक एका फॉन्टवर विसंबून राहणे होते. तो फॉन्ट समोरच्याकडे नसला की मजकुराच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून असली, तरी घरोघरच्या संगणकांवर ती नीट दिसू लागायला बरीच वर्षे गेली. ‘ॲ’ हे अक्षर तर युनिकोडमध्ये २००८ साली आले. ही अडचण सरत आली तेव्हा पुण्यात, बंगळूरात, अमेरिकेत, आखातात संगणकावर काम करणाऱ्या मराठी माणसांनी भराभर ब्लॉग काढले. २००५ नंतरची सहा-सात वर्षे हा बहराचा काळ. त्यातले पुष्कळ लेखन गावाकडच्या आठवणींचे, सणांचे, आजीच्या हातच्या पदार्थांचे होते. बरेचसे एकसुरी होते, पण ते मनापासून लिहिलेले होते आणि त्याला सावकाश वाचणारा वाचक होता. पुढे फेसबुक आले, ती वस्ती तिकडे सरकली, आणि शेकडो ब्लॉग शेवटच्या तारखेवर थांबले.

आज नवशिका लिहायला बसतो तेव्हा त्याच्यासमोर कोणते नमुने असतात? गूगलवर मराठीत काहीही शोधा. पहिल्या पानावरचा लेख बहुतेकदा असा सुरू होतो: ‘नमस्कार मित्रांनो, आजच्या या लेखात आपण कांदा लागवडीविषयी संपूर्ण माहिती पाहणार आहोत.’ दुसऱ्या वाक्यात पुन्हा ‘कांदा लागवड’, तिसऱ्यातही तेच. चौथ्या परिच्छेदापर्यंत वाफा किती रुंद करावा हे कळत नाही. शेवटी ‘ही माहिती कशी वाटली ते कमेंट करून नक्की सांगा.’ हा साचा शोधयंत्राला खूश करण्यासाठी घडला आहे आणि त्यामागे जाहिरातींचे उत्पन्न आहे. पैसे मिळवण्यात गैर काहीच नाही. दिवाळी अंकही जाहिरातींवरच चालतात. गैर हे आहे की ज्याच्या शेतात कांदा आहे असा मुलगाही लिहायला बसला की ‘नमस्कार मित्रांनो’ लिहितो, कारण लेख असाच असतो, असे त्याला वाटू लागले आहे.

दुसरा नमुना व्हॉट्सॲपवरून येतो. लेखकाचे नाव गळालेले, किंवा त्या जागी पु. ल. देशपांड्यांचे नाव चिकटवलेले. त्यात वाक्ये पुरी होत नाहीत. क्रियापदाच्या जागी ठिपके येतात: पाऊस... खिडकी... वाफाळता चहा... आणि त्या आठवणी... ठिपक्यांचा हा रोग मला शुद्धलेखनाच्या चुकांहून गंभीर वाटतो. ‘गुरु’ की ‘गुरू’ हे साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम पाहून दहा मिनिटांत सुधारता येते. पण ठिपके देणाऱ्याला आपल्याला काय म्हणायचे होते याचा शोधच घ्यावा लागत नाही. कोणत्या आठवणी, कुणाच्या, त्या चहाशी कशा जोडलेल्या, हे सांगायची वेळ आली की तो थांबतो आणि तीन टिंबे देऊन पुढे जातो. लेखन तर नेमके तिथूनच सुरू व्हायचे असते.

लासलगावकडच्या एका मुलीने तिचा पहिला लेख मला वाचायला दिला होता. विषय घरच्या कांदाचाळीचा. पहिले दोन परिच्छेद ‘कांदा हे महाराष्ट्रातील एक महत्त्वाचे नगदी पीक आहे’ या धाटणीचे. मग भावाच्या चढउताराबद्दल वर्तमानपत्रातून उचललेली वाक्ये. आणि सहाव्या परिच्छेदात, जाता जाता, एक ओळ: वडील रोज पहाटे चाळीपाशी जाऊन नुसते उभे राहतात आणि वास घेतात. मी तिला विचारले, वास कशाला? ती म्हणाली, ‘सड लागली की आधी वासावरूनच कळतं ना. वरून कांदा चांगलाच दिसतो.’ मग कुठल्या कप्प्यातून वास येतो हे कसे ओळखतात, आत हात घालून खराब कांदा कसा काढतात, एक सडका कांदा शेजारच्या किती कांद्यांना नासवतो, मोड फुटायला लागले की भाव पडलेला असला तरी विकायचे कसे ठरवतात, हे सगळे ती सलग वीस मिनिटे सांगत राहिली. त्यातले एकही वाक्य लेखात नव्हते. का नव्हते, असे विचारल्यावर तिने दिलेले उत्तर मी पुढे कितीतरी नवोदितांकडून ऐकले: ‘पण सर, हे तर आमच्याकडे सगळ्यांनाच माहीत असतं.’

दुसऱ्या खर्ड्यात तिने पहिले पाच परिच्छेद काढून टाकले आणि सुरुवात त्या वासाने केली. एप्रिलात काढलेला उन्हाळी कांदा चाळीत भरताना वजन किती होते नि चार महिन्यांनी किती उरले, हा हिशेब तिने वडिलांच्या वहीतून घेतला. भावाबद्दलचे वर्तमानपत्री वाक्य गेले. त्या जागी वडील व्यापाऱ्याचा फोन ठेवून पुन्हा चाळीकडे गेले, एवढेच आले. लेख निम्मा झाला आणि दुप्पट सांगू लागला. या सगळ्यात मी केलेले काम काय, तर प्रश्न विचारणे. संपादक नावाच्या माणसाचे मोठे काम हेच होते आणि ते करायला मासिकाची कचेरी लागत नाही. लेख प्रसिद्ध होण्याआधी तो वाचून ‘म्हणजे काय?’ असे विचारणारा एक माणूस पुरतो. प्रसिद्ध झाल्यावर अंगठे आणि ‘छान’, ‘अप्रतिम’ म्हणणारे शंभर जण तो प्रश्न विचारत नाहीत.

आजच्या मराठी ब्लॉगांत सकस काय आहे, असे कुणी विचारले तर मी अशाच लेखनाकडे बोट दाखवीन, जिथे लिहिणाऱ्याच्या हातात एखादी वस्तू, जागा किंवा काम आहे. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी किल्ल्यांवर लिहिलेले घ्या. त्याची सुरुवात बहुधा ‘सह्याद्रीच्या कुशीत वसलेला’ अशीच होते, मध्ये कुठून तरी उतरवलेला इतिहास येतो. पण मग हरिश्चंद्रगडावर पाचनईकडून किती वेळात चढता येते, खिरेश्वरच्या वाटेने जाताना कुठे जपावे, केदारेश्वराच्या गुहेतल्या पाण्यात उभा राहिलेला एकच खांब कसा दिसतो, हे जेव्हा चालून आलेला माणूस सांगतो, तेव्हा भाषा आपोआप नीट होते. पाककृती लिहिणाऱ्या कितीतरी बायकांचे गद्य मला ललित म्हणवणाऱ्या लेखांपेक्षा उजवे वाटते. पीठ किती सैल हवे, हे न दाखवता शब्दांत सांगणे ही साधी गोष्ट नाही. अशा लेखनाचे जुने उदाहरण अनिल अवचट. ते डॉक्टर होते. दुष्काळातल्या बिहारमध्ये गेले, पाहिले ते लिहिले, आणि १९६९ मध्ये ‘पूर्णिया’ हे त्यांचे पहिले पुस्तक झाले. पाहिलेले सोडून भलतीकडे न जाण्याची ती रीत मराठीत अजून जिवंत आहे, फक्त तिला कुणी रीत म्हणून शिकवत नाही.

आता यंत्राकडून लेख लिहून घेण्याची सोयही नवोदिताच्या हाताशी आली आहे. व्याकरण तपासायला, टंकनातल्या चुका शोधायला त्याचा उपयोग होतो, आणि करावा. पण पहिला खर्डाच यंत्राचा असला, तर त्यात चाळीच्या वासाचे वाक्य येण्याचा संभव नाही, कारण ते त्या मुलीखेरीज कुणाजवळ नव्हते. उरते ते ‘महत्त्वाचे नगदी पीक’. ज्याने अजून स्वतःचे एकही वाईट वाक्य दुरुस्त केलेले नाही, त्याच्या हाती आयते गुळगुळीत वाक्य देणे, याने त्याचे शिकणे थांबते. ही काळजी मला खरोखर वाटते.

प्रसिद्ध करण्याचेही काही कसब आहे, त्याकडे आपण फारच कमी लक्ष देतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द काही जण ‘दुसर्या’ असा टंकतात, रफार ‘या’च्या डोक्यावर बसतो आणि वाचणारा अडखळतो. काहींचा शब्द दिसायला बरोबर असतो, पण आतून जुन्या पद्धतीने, अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिलेला असतो. मग शोधताना एकाचा शब्द दुसऱ्याला सापडेलच असे नाही. लेखाचा पत्ता देवनागरीत ठेवला आणि तो उचलून दुसरीकडे चिकटवला, की एकेका अक्षरामागे टक्केचिन्हांसह नऊ खुणांची माळ उमटते. असा पत्ता पाठवायला लोक कचरतात. पत्ता छोटा आणि रोमनमध्ये ठेवलेला बरा. शीर्षकात विषयाचे नाव असावे. लेख नंतर बदलला तर काय बदलले आणि केव्हा, ते खाली लिहावे. छायाचित्र दुसऱ्याचे असेल तर त्याची परवानगी घ्यावी आणि नाव द्यावे.

आणि प्रत जपावी. फुकटच्या जागा बंद होतात. जिओसिटीज २००९ मध्ये गेले, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेले, आणि तिथे लिहिलेले मराठी पुष्कळसे त्यांच्याबरोबरच गेले. बहराच्या काळातले जे ब्लॉग थांबले आहेत, त्यांतले निवडक लेखन अजून उघडते तोवर लेखकांची परवानगी घेऊन, तारखांसह, एकत्र करायला हवे. विद्यापीठांच्या मराठी विभागांत नियतकालिकांवर प्रबंध होतात. या वीस वर्षांच्या गद्याची साधी सूचीही व्हायची आहे. ती झाली तर पुढच्या नवोदिताला ‘नमस्कार मित्रांनो’खेरीज दुसरे काही वाचायला मिळेल.