संदर्भाचे सुख

अग्रलेखात 'धृतराष्ट्राची मिठी' हे शब्द भेटले की आम्ही क्षणभर थांबतो. युतीचे सारे राजकारण त्यांत आलेले असते. भीम समजून लोखंडी पुतळ्याचा चुरा करणारा स्त्रीपर्वातील आंधळा राजा ज्याला आठवतो, त्यालाच त्या मिठीत माया किती ते कळते. लेखकाने अर्धे सांगावे, उरलेले वाचकाने पदरचे घालावे, अशी ही भागीदारी आहे.

या कलेचा मराठीतील कळस, आमच्या मते, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' होय. १९०७ साली ते रंगभूमीवर आले. त्यात लॉर्ड कर्झनचे नाव नाही. आहे ती विराटाची नगरी, सैरंध्री आणि उन्मत्त कीचक. तरीही कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारतभूमी, युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल, हे प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. समजून घ्यावे लागले ते सरकारला, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. (कर्झनसाहेब मायदेशी परतल्याला तोवर चार वर्षे उलटली होती!) रूपकाखाली मूळ कथा दबून जात नाही, हे खाडिलकरांचे मोठेपण. कर्झन विसरला तरी कीचक उरतो.

आजच्या राजकीय लेखनात मात्र शकुनी, मंथरा, यूदास ही नावे बहुधा शिव्यांसारखी फेकली जातात. नाव चिकटवले की लेखकाचा विचारही तेथेच थांबतो. पिलाताची गत निराळीच. मत्तयच्या शुभवर्तमानात तो जबाबदारी झटकण्यासाठी हात धुतो. मराठी माणूस हात धुऊन घेतो तो वाहत्या गंगेत, म्हणजे लाभासाठी! तेव्हा मंत्र्याला पिलात म्हणणाऱ्याने प्रसंगाची एखादी ओळ सोबत द्यावी, हे बरे.

घरात हे संदर्भ अधिक सहज वावरतात. उशिरा उठणारा कुंभकर्ण, साधी भेट म्हणजे सुदाम्याचे पोहे. पण तेथेही जपावे लागते. बरीच वर्षे बाहेर राहून रिकाम्या हाताने परतलेल्या एका नातलगाचे आम्ही जेवणाच्या पंगतीत 'आला आमचा उधळ्या पुत्र' असे स्वागत केले. तोही मोकळेपणाने हसला. त्याचा थोरला भाऊ मात्र, ज्याने इतकी वर्षे वाडी शिंपली होती, ताटावरून न बोलता उठला. दाखल्यातील थोरला भाऊ त्या क्षणी आम्हांला आठवलाच नव्हता.