अनुदानाची सीमा: गुरसरायच्या निमित्ताने

झाशी जिल्ह्यातील गुरसराय हे एकेकाळी दक्षिणी ब्राह्मण जहागीरदारांचे ठाणे होते. अशा स्थळाचा इतिहास मराठी कागदपत्रे, हिंदी लेखन आणि बुंदेली मौखिक परंपरा यांत विखुरलेला असतो; अनुदाने मात्र पुष्कळदा प्रांत व भाषा पाहून दिली जातात. झाशीचेच उदाहरण बोलके आहे. दक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेस निघालेले विष्णुभट गोडसे तेथील विनाशाचे साक्षी झाले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये फेरफारांसह छापला. मूळ संहिता द. वा. पोतदारांच्या संपादनाने १९६६ मध्ये प्रकाशात आली. हे एकोणसाठ वर्षांचे अंतर हेच सांगते की, केवळ मुद्रणास दिलेले साहाय्य अपुरे होय. मोडीवाचन, पाठचिकित्सा आणि बुंदेली साक्षींचे संकलन यांना एकत्रित अनुदान हवे.