पेनीला दोन नाड्या

लहानपणीच्या खाऊबद्दल लिहायला बसलं की भल्याभल्यांची लेखणी पाघळते. आजीचा हात, तुपाचा वास, सुटलेलं गाव, सगळं ओळीने येतं. रोआल्ड डालने सत्तरीकडे झुकताना लिहिलेल्या ‘बॉय’मध्ये (१९८४) खाऊ भरपूर आहे, पाघळणं नाही. वेल्समधल्या लँडाफमध्ये कॅथीड्रल स्कूलला जाता-येता गोळ्यांचं एक दुकान लागायचं. त्यावरची मोजकी पानं मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो. काळ १९२३ ते १९२५, मुलाचं वय सात ते नऊ. गंमत म्हणजे या पानांत गोडीचं वर्णन फारच थोडं आहे.

मग आहे काय? आधी भाव आहे. शर्बेट सकर पेनीला दोन, ज्येष्ठमधाच्या काळ्या लांब नाड्याही पेनीला दोन, गॉबस्टॉपर मात्र पेनीला एकच. खिशात मोजकी नाणी असलेलं पोर चवीच्या आधी टिकाऊपणा बघतं, आणि डाल साठ वर्षांनंतरही त्याच पोराच्या हिशेबाने लिहितो. गॉबस्टॉपर म्हणजे छोट्या टोमॅटोएवढी टणक गोळी, तासभर पुरणारी. पण तिची खरी मजा ती तोंडाबाहेर काढण्यात. दर पाचेक मिनिटांनी लाळेने लडबडलेली गोळी चिमटीत धरून बघायची, कारण तेवढ्यात तिचा रंग बदललेला असतो. गुलाबीची निळी, निळीची हिरवी, मग पिवळी. कारखान्यात ही जादू करतात तरी कशी, असा प्रश्न पडतो आणि डाल त्याचं खरं उत्तर देत नाही. उत्तर अवघड नाही. फिरत्या भांड्यात साखरेच्या पाकाचे थरांवर थर चढवायचे, मधूनमधून रंग बदलायचा. संक्रांतीला आपल्याकडे मंद आचेवरच्या परातीत तिळावर थेंब-थेंब पाक सोडत, बोटांनी फिरवत हलवा करतात, त्याचीच ही यंत्रावरची आवृत्ती. पण हे सांगायला डाल मोठा व्हायला हवा, आणि या पानांत तो मोठा व्हायला तयार नाही.

शर्बेट सकरचंही तसंच. पिवळ्या पुठ्ठ्याच्या नळीत फसफसणारी पूड, वर ज्येष्ठमधाची पोकळ काडी. पूड ओढली की तोंडात फेस येतो आणि जमलं तर तो नाकपुड्यांतूनही काढता येतो. मग झटका आल्याचं सोंग करायचं! चव एका वाक्यात उरकते, सोंगावर मात्र जीव.

या सगळ्याचा कळस म्हणजे थ्वेट्स हा मित्र सांगतो ती नाड्यांची कथा. थ्वेट्सचे वडील डॉक्टर. मुलगा अंथरुणात नाडी चघळताना सापडला तेव्हा त्यांनी त्याला सुनावलं, की या नाड्या उंदरांच्या रक्ताच्या असतात. उंदीर पकडणारे माल कारखान्यात आणून टाकतात, मालक उंदरामागे दोन पेन्स मोजतो, दहा हजार उंदीर झाले की कढईत उकळतात, लगदा करतात, रोडरोलरखाली सपाट करून पट्ट्या कापतात. आता हे वाचताना बघा, किळस वाढवायला डालने एकही विशेषण खर्ची घातलेलं नाही असं नाही, पण खरी भिस्त दरावर आणि आकड्यांवर आहे. उंदरामागे दोन पेन्स म्हटल्यावर थापेला पावती फाडल्यासारखं वजन येतं. आणि परिणाम? मुलं ही कथा थ्वेट्सला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात आणि नाड्या घेतच राहतात. बंद करतो तो एकटा थ्वेट्स. बाकीचे घेतात, कारण दुकानात नाड्यांइतका स्वस्त आणि पुरवठ्याचा दुसरा माल नसतो. भीती आणि भाव यांची झटापट अशी एका वाक्यात निकालात काढलेली मला दुसरीकडे वाचल्याचं आठवत नाही.

दुकानाची मालकीण मिसेस प्रॅचेट हा या पानांचा कडू भाग. मळका अॅप्रन, बरणीत खुपसलेले काळेकुट्ट हात. पण मुलांचा राग नुसत्या घाणीवर नाही, कंजूषपणावरही आहे. सहा पेन्सची खरेदी एकदम केली नाही तर ती कागदी पिशवी देत नाही, जुन्या ‘डेली मिरर’च्या तुकड्यात पुडी बांधते. तपशील अस्सल आहे. पण इथे मला डालशी थोडं भांडावंसं वाटतं. पेनी-पेनीच्या गिऱ्हाइकावर दुकान चालवणारी बाई पिशवी वाचवणारच, हे आठ वर्षांच्या पोराला कळू नये हे ठीक, लिहिणाऱ्याला कळायला हरकत नव्हती. या रागातून मुलं तिच्या दुकानातल्या बरणीत मेलेला उंदीर टाकतात, तोही गॉबस्टॉपरच्या. दुसऱ्या दिवशी दुकान बंद, काचेतून दिसते फुटलेली बरणी आणि जमिनीवर विखुरलेल्या शेकडो रंगीत गोळ्या. बाई मेली असणार, आपण खुनी, अशी मुलांची पाचावर धारण बसते. रंगांचं ज्यांना एवढं अप्रूप, तेच रंग आता पुरावा म्हणून पडलेले.

पुढे डाल रेप्टनच्या वसतिशाळेत असताना तिथे कॅडबरीकडून करड्या खोक्यांत बारा-बारा वड्या यायच्या. एक ओळखीची, बाकी अकरा नव्या; चाखून गुण द्यायचे. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’चं (१९६४) मूळ बहुतेक जण इथे शोधतात, डालनेही तसंच सुचवलं आहे. चॉकलेट तिथून आलं असेल, कारखाना मला लँडाफचा वाटतो. आत कुणी पाहिलेलं नाही, कढया उकळताहेत, आणि माल खाणाऱ्याच्या शरीराचं काहीबाही होतं. थ्वेट्सच्या वडिलांच्या हिशेबाने नाडी खाणाऱ्याचे दात टोकदार होतात, पाठीला खाली आखूड शेपूट फुटते. ‘चार्ली’मधल्या वाँकाच्या कारखान्यात च्युइंगगम चघळणारी व्हायोलेट फुगत जाते, निळी-जांभळी होते आणि तिला गडगडत रस काढायला नेतात.