कानातला उस्ताद

प्रेरणादायी पुस्तके आता कानांनी वाचली जाऊ लागली आहेत. २०१७ च्या अखेरीस स्टोरीटेल ही स्वीडिश कंपनी भारतात आली, तेव्हा तिने इंग्रजी-हिंदीच्या बरोबरीने मराठीलाही सुरुवातीपासून जागा दिली. त्यानंतर मोबाइल स्वस्त झाले, टाळेबंदी आली, आणि आज मोमिनपुऱ्यातल्या शिवणयंत्रापासून जाफरनगरच्या शिकवणी वर्गापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या कानात एक धीरगंभीर आवाज यशाचा मार्ग सांगत असतो. हा आवाज जे वचन देतो ते पाळतो काय, याची चिकित्सा मात्र आपल्याकडे फारशी झालेली नाही. पुस्तकांची समीक्षा होते, आवाजांची होत नाही.

या प्रकाराचा जन्म मुळात आवाजातूनच झाला, असे म्हटले तरी चालेल. १९५६ साली अमेरिकेत अर्ल नाइटिंगेल या रेडिओ निवेदकाने ‘द स्ट्रेंजेस्ट सीक्रेट’ हे भाषण ध्वनिमुद्रित केले. त्याची एक विमा एजन्सी होती. तो काही दिवस बाहेर जाणार होता आणि आपल्या गैरहजेरीत विक्रेत्यांचा उत्साह टिकावा म्हणून त्याने हे भाषण करून ठेवले. त्याच्या तबकडीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. साहेब नसताना साहेबांचा आवाज कामाला लावायचा, ही या साहित्याची पहिली कल्पना आहे. पुढे कॅसेट आली, सीडी आली, ॲप आले. कल्पना तीच राहिली.

वचनाची परीक्षा शास्त्रज्ञांनी घेतलेली आहे. १९९१ मध्ये अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मजेदार प्रयोग प्रसिद्ध केला. त्या काळी संगीताखाली दडवलेले संदेश असलेल्या कॅसेटी विकल्या जात. काही स्मरणशक्ती वाढवणाऱ्या, काही आत्मसन्मान वाढवणाऱ्या. संशोधकांनी अर्ध्या कॅसेटींची लेबले उलटसुलट केली. लोकांनी महिनाभर इमानाने ऐकले. चाचणीत कॅसेटींचा दावा केलेला परिणाम दिसला नाही, ना स्मरणशक्तीवर, ना आत्मसन्मानावर. पण कित्येकांना आपल्यात फरक पडला असे वाटत होते, आणि तो फरक कॅसेटमध्ये जे होते त्याप्रमाणे नव्हे, लेबलावर जे लिहिले होते त्याप्रमाणे! आजच्या श्राव्य पुस्तकात शब्द दडवलेले नसतात, ते स्पष्ट ऐकू येतात, म्हणून हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे अन्यायाचे होईल. तरीही “मला खूप फायदा झाला” असे कुणी सांगितले की मला त्या लेबलांची आठवण होते.

दुसरा अभ्यास अधिक काळजीचा आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या जोअन वूड यांनी २००९ मध्ये दाखवले की, स्वतःविषयी चांगली वाक्ये पुन्हा पुन्हा म्हटल्याने ज्यांचा आत्मसन्मान मुळातच बरा असतो त्यांना थोडे बरे वाटते. ज्यांचा कमी असतो त्यांना उलट अधिक वाईट वाटते. तोंड एक म्हणते आणि मन त्याच क्षणी त्याचा इन्कार करते. वर्गातल्या मागच्या बाकावरचा मुलगा नेमका या दुसऱ्या गटात असतो. औषध ज्याच्यासाठी म्हणून विकले जाते, त्यालाच ते बाधते.

बी.एड.ला आम्हांला थॉर्नडाइकचे अध्ययनाचे नियम शिकवले: तत्परतेचा, सरावाचा आणि परिणामाचा. परीक्षेपुरते पाठ करून विसरण्याचा तो भाग. परंतु थॉर्नडाइकने पुढे स्वतःच सरावाचा नियम दुरुस्त केला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. डोळे मिटलेल्या माणसाला चार इंचांची रेषा हजारो वेळा काढायला लावली, पण चुकले की बरोबर आले हे सांगितलेच नाही, तर त्याच्या रेषेत सुधारणा होत नाही. नुसती पुनरावृत्ती शिकवत नाही. प्रेरणादायी श्राव्य पुस्तक म्हणजे डोळे मिटून काढलेली रेषा. “आता तुमची पाच उद्दिष्टे कागदावर लिहा,” असे निवेदक सांगतो आणि दोन सेकंदांत पुढचे प्रकरण सुरू करतो. आपण लिहिले की नाही, लिहिले तर काय लिहिले, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. असेल कसे?

ऐकून शिकण्याची रीत आपल्याला परकी नाही. हिफ्ज करणाऱ्या मुलाचा दिवस पाहावा. नवा सबक, त्यामागची सबकी आणि जुनी मंझिल. हे सारे त्याला उस्तादांना म्हणून दाखवावे लागते. जिथे अटकला तिथे उस्ताद थांबवतात. (अर्थ कळल्याशिवाय पाठांतर करावे काय, हा निराळा वाद आहे, त्यात मी येथे शिरत नाही.) मुद्दा एवढाच की, तिथे विद्यार्थी जितका ऐकतो तितकाच उस्तादही ऐकतात. कानातला उस्ताद फक्त बोलतो.

आता आशयाकडे वळू. कियोसाकी यांच्या ‘रिच डॅड पुअर डॅड’ या १९९७ च्या पुस्तकातले ‘गरीब बाबा’ कोण आहेत? उच्चशिक्षित, शिक्षण खात्यात नोकरी करणारे, मुलाला “नीट शीक” म्हणणारे गृहस्थ. म्हणजे आम्हीच. एका शिक्षकाने हे पुस्तक ऐकून खिन्न व्हावे की हसावे, हे ज्याच्या त्याच्या पगारावर अवलंबून आहे. ‘द सीक्रेट’ २००६ मध्ये आले आणि माणूस ज्याचा विचार करतो तेच त्याच्याकडे ओढले जाते, असे सांगू लागले. हे तत्त्वज्ञान नागपुरात उभे करून पाहावे. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये येथे सुरू केलेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आहे. घरी बसलेल्या त्या कामगारांनी कोणता चुकीचा विचार केला होता? या पुस्तकांत मिल बंद होत नाही, दंगल होत नाही, भाड्याचे घर नाकारले जात नाही. जे काही घडते ते फक्त ऐकणाऱ्याच्या डोक्यात घडते, म्हणून अपयशाचा दोषही सगळा त्याच्याच पदरात पडतो.

याच्या शेजारी कलामसाहेबांचे ‘अग्निपंख’ ठेवावे. मूळ इंग्रजी पुस्तकाच्या श्राव्य आवृत्तीला गिरीश कर्नाड यांचा आवाज आहे. तेही प्रेरणादायी म्हणूनच ऐकले जाते, पण त्याची घडण निराळी आहे. मद्रासच्या तंत्रसंस्थेत प्रवेशासाठी सुमारे हजार रुपये हवे होते, वडिलांकडे ते नव्हते, तेव्हा जोहरा या बहिणीने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. हवाई दलाच्या निवडीत पंचवीस उमेदवारांत त्यांचा नंबर नववा आला आणि जागा होत्या आठ. येथे यश एकट्याचे नाही आणि अपयशाला आकडा आहे. भिंतीवर लावायला मुलांना कलामांची वाक्ये दिली जातात. जोहराच्या बांगड्यांविषयी विचारले तर बहुतेकांना माहिती नसते. मला हा आपल्या तालमीचा दोष वाटतो.

मात्र एवढे म्हणून या माध्यमालाच मोडीत काढणे मला मान्य नाही. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात, २००१ च्या जनगणनेनुसार, मुस्लिमांची साक्षरता ५९.१ टक्के होती, देशाची सरासरी ६५.१. सातवीत शाळा सुटलेला जरीकाम करणारा तरुण हात गुंतलेले असताना एक अख्खे पुस्तक ऐकून संपवतो, ही लहान गोष्ट नाही. अंध वाचकांसाठी तर हे दारच उघडले आहे. आवाजाने उमेद येते, एकटेपणा कमी होतो, झोपेपूर्वीचा अर्धा तास बरा जातो. ‘हौसला देतो’ एवढेच वचन दिले असते तर ते पाळले गेले असे मी म्हटले असते. वचन आयुष्य बदलण्याचे दिले जाते, आणि वर्गणी त्याचीच घेतली जाते.

गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात मी रॉबिन शर्मा यांच्या ‘द फाइव्ह एएम क्लब’ची कल्पना उर्दूत समजावून सांगितली. पुस्तक २०१८ चे. त्यात एक अब्जाधीश एका उद्योजक बाईला आणि एका चित्रकाराला मॉरिशसला नेतो आणि पहाटे पाचला उठण्याचे रहस्य शिकवतो: पहिल्या तासाची वीस मिनिटे व्यायाम, वीस चिंतन, वीस अभ्यास. मुले गंभीरपणे लिहून घेत होती. तिसऱ्या बाकावरच्या मुलीने लिहिणे थांबवून हात वर केला. “सर, हमारे यहाँ नल चार बजे आते हैं,” ती म्हणाली, “पाच वाजता मी दुसऱ्या मजल्यावर बादल्या चढवत असते. ती वीस मिनिटे व्यायामात धरायची का?”

वर्ग हसला. मी फळ्यावर तिच्या सकाळचे वेळापत्रक मांडायला घेतले. चारपासून सव्वासहापर्यंत पाणी, मग लहान भावाचा डबा, मग शाळा. अभ्यासासाठी जागा सापडली ती मगरिबनंतर, आणि तीही शेजारच्या खालाकडे टीव्ही बंद असेल तर. खालाशी बोलायला तिची अम्मी जाणार होती.